तेहेतीसनंतर पस्तीस

मी कॉलेजात शिकवते म्हटलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'पर्मनंट का?' मी नाही म्हणते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितकीच ओळख. उन्हाळ्यात ती सुटते, जूनमध्ये मुलाखत झाली की पुन्हा जुळते, किंवा जुळत नाही. सात वर्षं मी अशी शिकवते आहे.

या अंकासाठी संपादकांनी नोकरीतले गमतीचे प्रसंग मागितले. ते पुष्कळ आहेत. 'कुटुंब म्हणजे काय ते लिहा' या प्रश्नाला एकानं घरातल्या अकरा माणसांची नावं लिहून खाली 'आजी धरली नाही, ती भांडून मामाकडे आहे' अशी टीप दिली होती. त्याला मी पूर्ण गुण दिले. पण मला इथं एका मुलीबद्दल लिहायचं आहे. ती अख्खं सत्र माझ्यासमोर बसली आणि अख्खं सत्र मी तिला गैरहजर मांडलं. नावं बदलली आहेत. जात कुठली ते लिहिणार नाही, कारण ते कळलं की वाचणारा 'त्यांच्यात असतंच तसं' म्हणून पान उलटतो.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. शहरातल्या निम्म्या मोर्च्यांची पत्रकं त्यांच्या हातून गेली. घरी गठ्ठे यायचे आणि मी जेवणाआधी शंभर पत्रकांच्या घड्या घालायची. अक्षरं मी त्याच कागदांवर शिकले. त्यामुळे 'धिक्कार' हा शब्द मला 'बदक'च्या आधी वाचता यायला लागला, असं आई अजून सगळ्यांना सांगते. अशा घरातून आलेल्या माणसाला काही गोष्टींची खात्री असते. मलाही होती की अन्याय समोर आला तर मी तो लांबूनच ओळखेन.

आमच्या कॉलेजात समाजशास्त्र आधी नव्हतं. ते सुरू झालं त्या पहिल्याच वर्षी 'समाजशास्त्राची ओळख' शिकवायला मला घेतलं. यादीवर बासष्ट नावं होती. निम्म्यांनी विषय सोपा असतो असं ऐकून घेतलेला, उरलेल्यांना दुसरा मिळाला नव्हता. समाजशास्त्र आणि समाजसेवा यांचा काही संबंध नाही, इथून सुरुवात करावी लागते. मग मी एसटीचं उदाहरण देते. सगळी गाडी रिकामी असताना एकाच अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि काय होतं ते बघा. कुठंही लिहिलेलं नाही की असं बसू नये, तरी तुमचा पाय उचलणार नाही. हे न लिहिलेले नियम कोण पाळायला लावतं, एवढाच या विषयाचा धंदा. पोरं हसतात. पहिला तास नेहमी छान जातो.

हजेरी घेणं मात्र मला पहिल्यापासून नको वाटतं. मास्तरानं वरून नाव पुकारायचं आणि पोरांनी मान खाली घालून 'यस म्याडम' म्हणायचं, यात मला जहागीरदाराची चावडी दिसते. म्हणून मी नियम काढला की वर्गाची हजेरी वर्गच घेईल. पहिल्यानं 'एक' म्हणायचं, दुसऱ्यानं 'दोन', आणि साखळी बासष्टपर्यंत जाऊ द्यायची. मी खाली बघून रजिस्टरवर पेन फिरवणार. ज्याचा आकडा येणार नाही तो गैरहजर. दीड मिनिटात काम व्हायचं. स्टाफरूममध्ये मी हे दोनतीनदा तरी अभिमानानं सांगितलं असेल.

एखादा आला नसला की त्याच्या आकड्यापाशी साखळी अडखळायची. 'अकरा, बारा...' आणि शांतता. मग मागून कुणीतरी, 'तेरा टेंभुर्णीला गेलाय म्याडम, बहिणीचं लगीन हाय.'

'ह्या महिन्यात तिसरं लगीन हाय त्याच्या बहिणीचं,' दुसरा कुणी.

हशा व्हायचा, मग 'चौदा'. रोज पाचसहा जागी अशी ठेच लागायची. एकाच ठिकाणी ती कधी लागली नाही. 'तेहेतीस, पस्तीस.' मध्ये श्वासाइतकीसुद्धा फट नसायची. मी चौतीसपुढे 'अ' लिहायची. नाव होतं रेणुका. प्रवेश घेऊन लग्न झालं असेल, असं मी धरून चालले. पहिल्या वर्षाला अशा मुली असतातच.

वर्गात शेवटच्या बाकावर शीतल बसायची. मंगळवेढ्याकडची, घरची मेंढरं, रोज एसटीनं ये-जा. तिच्या शेजारी खांबाच्या आड एक सडपातळ मुलगी असायची. ती कॉमर्सची असेल, मैत्रिणीबरोबर ऐकायला येत असेल, अशी माझी समजूत. आपला तास ऐकायला दुसऱ्या वर्गातून कुणी येतं, याचं मला बरंही वाटायचं.

गणपती उठले त्या आठवड्यात तास संपल्यावर माझ्या टेबलावर एक वही राहिलेली दिसली. वर नाव नव्हतं. उघडली तर माझे सगळे तास, तारीखवार. प्रत्येक पानाच्या डोक्याला तारीख आणि तिच्याखाली एकच शब्द: हजर. मी शिकवलेलं तर होतंच, न शिकवलेलंही होतं. 'आज खडू संपला. म्याडम बोटानं हवेत लिहीत होत्या.' 'आज म्याडमच्या डाव्या चपलेचा बंद तुटला, त्या टेबलामागेच उभ्या राहिल्या.' हे खरं होतं, आणि मला वाटत होतं की ते कुणाच्या लक्षात आलं नाही. विषय त्याच वर्षी सुरू झालेला, म्हणजे वही मागच्या बॅचची असणं शक्य नव्हतं. एका पानावर 'सामाजिक बहिष्कार' असा मथळा आणि मी सांगितलेली व्याख्या होती. त्याखाली 'हजर' लिहिलेलं. बाकी पान कोरं, पुढचंही कोरं. तो तास मला आठवला. मी विचारलं होतं, 'असं कुणी बघितलंय का?' बासष्टांच्या वर्गात पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी वही हातात धरून विचारलं, "कुणाची ही?"

पहिल्या बाकावरच्या गणेशनं वहीकडे बघितलं. पस्तीस नंबर त्याचाच. "कुणाची नाय म्याडम."

"कुणाची नाही म्हणजे? आपोआप लिहिली गेली?"

"काय की म्याडम."

कुणीच हसलं नाही. मागे खांबाआडची मुलगी उठून उभी राहिली होती. तिला बाहेर जायचं असेल म्हणून मी मानेनंच 'जा' म्हटलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग खरंच गेली.

सत्राच्या अखेरीस मी पोरांना सर्वेक्षणाला पाठवलं. कॉलेजमागे एक गल्ली आहे, बावीस घरांची, एकाच समाजाची. वर्गातली दहाबारा पोरं तिथलीच, गणेशही. चार गट केले. चारही गटांनी वेगवेगळ्या दिवशी तीच गल्ली मोजायची, प्रत्येक गटात वाट दाखवायला गल्लीतला एक जण. मोजणारा बदलला की मोजणी कशी बदलते, हे त्यांना दिसावं म्हणून हा उद्योग. तशी ती बदललीच. एका गटाला गल्लीत एकशे सात माणसं सापडली, दुसऱ्याला एकशे एकोणीस. कुणाचं शिक्षण बदललं, एका म्हाताऱ्याचं वय चार दिवसांत अकरा वर्षांनी वाढलं. चारही गटांचं एकमत झालेलं घर एकच होतं. सोळा नंबर: 'बंद. कोणी राहत नाही.'

इतकं एकमत मला खटकलं. एका गुरुवारी दुपारी मी स्वतः गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं, गल्लीत सावली म्हणून कुठं नव्हती. सोळा नंबरचं दार लोटलेलं. आतून शिलाई मशिनचा आवाज येत होता, सलग, मध्येच थांबून पुन्हा सलग. शेजारच्या पायरीवर एक आजी सुपात ज्वारी निवडत होती.

"आजी, सोळा नंबरात कोण राहतं?"

"कोन न्हाय."

"मशिन चालू आहे की."

"कुटली मशिन?"

"ही काय. ऐका."

आजीनं हात थांबवला आणि मान तिरकी करून खरोखर कान दिला. मशिन तीन हातांवर खडखडत होतं. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवी नव्हती, चीडही नव्हती. "न्हाय बाई," ती म्हणाली, "उनाचं हुतं असं कदी कदी. पानी पिऊन जावा." आणि एक खडा उचलून बाजूला टाकला.

मी दार वाजवलं. मशिन थांबलं. त्याबरोबर गल्लीतली बोलणीही थांबली. समोरच्या घरातला टीव्हीसुद्धा कुणीतरी बंद केला.

दार उघडलं ते पन्नाशीच्या बाईनं. मागे टॉवेलांचा ढीग, ती त्यांच्या कडा शिवत होती. आणि ढिगाशेजारी खांबाआडची मुलगी.

"या म्याडम," बाई म्हणाली. "तुमची पोरं चारदा येऊन गेली. चारदा मी दार उगडलं. किती मानसं हायत म्हनून न्हाय इचारलं कुणी. शेवटच्या वक्ताला एक पोरगी माज्या तोंडाकडं बगत हुती. संगटच्या पोरानं सांगितलं 'बंद', आन तिनं तसं लिवलं. माज्याकडं बगत बगत लिवलं."

मुलगी पुढे आली. "म्याडम, मी चौतीस."

मला बसायला सांगितलं तेव्हा मी बसले. हकिकत आईनं सांगितली, टॉवेल घडी करत. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं. पंच घरी आले. मुलगी मेली असं समजून तिचा दहावा घाला, म्हणजे विषय मिटला, असं म्हणाले. "मी म्हनलं, लेक पुन्यात हाय, रोज फोनवर बोलती. जित्या लेकीचा दहावा न्हाय घालनार. तर म्हनले, बरं. आन उटून गेले. भांडान न्हाय, शिवी न्हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले तर कुणी सरकंना. मला वाटलं रागावल्यात. आठ दिसांनी कळलं, रागावल्यालं न्हायती. दिसतच न्हाय मी त्यास्नी."

"तू आकडा का नाही म्हणालीस?" मी रेणुकाला विचारलं. हा प्रश्न मी विचारला याची लाज मला आज वाटते.

"म्हणत होते. पहिले पंधरा दिवस. माझ्या आवाजावर गणेशचा आवाज यायचा. तुम्ही खाली बघून 'अ' लिहायचा. वर बघितलं असतं तर माझं तोंड हललेलं दिसलं असतं." ती शांतपणे बोलत होती. "मग वही ठेवली. तुम्ही विचारलं कुणाची, मी उभी राहिले. तुम्ही बाहेर जा म्हणालात."

माझं डोकं तापलं, आणि ते तापलं की मला एकच येतं. मी म्हणाले, आपल्या राज्यात याविरुद्ध कायदा आहे, उद्याच तक्रार देऊ, मी पत्रक काढते, गल्लीच्या तोंडाशी उभी राहून वाटते. बराच वेळ बोलले. मायलेकींनी ऐकून घेतलं.

"पत्रक नंतर काढा म्याडम," रेणुका म्हणाली. "आधी माझी हजेरी लावा. बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागलीय. माझा परीक्षेचा फॉर्म घेत नाहीत. सोमवारी शेवटची तारीख. हे सत्र गेलं तर आई पुन्हा पाठवेल, पण मीच येणार नाही."

नियम असा की पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. बाकीच्या विषयांत ती काठावर होती. तिथं सर मंडळी जुन्या पद्धतीनं नाव पुकारून, वर बघून हजेरी घेत. माझ्या विषयात शून्य. माझ्या लोकशाहीनं तिला बुडवलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी प्राचार्यांपुढे उभी राहिले. सज्जन गृहस्थ, निवृत्तीला आलेले. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "सही तुमची आहे. तुम्ही चार महिने खोटी हजेरी मांडली, असं लेखी देणार?"

"देणार."

"जूनमध्ये पुन्हा मुलाखत आहे तुमची. फाइलमध्ये हे पत्र असेल."

"असू दे सर."

"नुसतं तुमचं पुरणार नाही. आज तुम्ही 'हजर' म्हणाल, उद्या दुसरं कुणी दुसऱ्या कुणासाठी म्हणेल. वर्गातल्या दोघांनी लिहून द्यावं की ती बसत होती. सोमवारी बारापर्यंत."

दोघं. बासष्टातले दोघं. मी वर्गावर गेले आणि त्या दिवशी साखळी घेतली नाही. सरळ विचारलं, "रेणुका या वर्गात रोज बसते. हे लिहून द्यायला कोण तयार आहे?"

रेणुका जागेवर होती. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. मी ज्याच्याकडे बघावं तो माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्याकडे बघत होता. गल्लीतली पोरं दहाबाराच, बाकीच्यांना कशाचं भय होतं? पण चार महिन्यांत सवय सगळ्यांना लागली होती. मी खोलीभर नजर फिरवत राहिले. एक क्षण असा आला की माझं मलाच वाटलं, मागच्या बाकावर खरंच कुणी आहे ना?

"मी देते की लिहून," शीतल म्हणाली. "रोज माज्या बाजूला बसती. डब्यातली चटणी बी खाती माजी."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस ग?"

"कुणाला बोलू?" ती उभी राहिली. "मी बाहेरगावची. पैल्याच आठवड्यात बगितलं, हितं हिचा आकडा कुणी घेत न्हाय. तुमी बी घेत न्हवता. मला वाटलं, तुमी बी त्यातल्याच."

चार महिने मी त्या पोरीला न लिहिलेले नियम शिकवत होते. तिनं माझ्याकडे बघून ते बरोबर ओळखले होते.

एक सही झाली. शनिवारी दुसरी मिळाली नाही, रविवारीही नाही. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मोबाइल वाजायला लागला आणि वाजतच राहिला. गणेशकडून फोटो येत होते, एकापाठोपाठ एक, एकोणीस. वर्गात सेल्फी काढायची त्याला खोड होती, त्यावरून मी त्याला दोनदा झापलंही होतं. प्रत्येक फोटोत पुढे गणेशचं तोंड, कधी जीभ बाहेर, कधी दोन बोटं वर. आणि प्रत्येक फोटोत खूप मागे, खांबाशेजारी, रेणुका. बाकी सगळे कुठं कुठं बघत असायचे. ती एकटी थेट कॅमेऱ्यात बघत होती. जुलैत, ऑगस्टात, सप्टेंबरात, तशीच. शिक्षकदिनाच्या फोटोत मीही होते. मी हसत होते, आणि ती माझ्यापासून चार हातांवर होती.

मी फोन लावला. "गणेश—"

"मी काय बोललो नाय म्याडम," तो घाईघाईनं म्हणाला. "नाव घेतलं नाय, सही केली नाय. फोटो माझे हायत. त्यात मागं कोण हाय, मला ठाऊक नाय. घरी माझी आजी हाय, बहिणीचं ठरतंय. मला परत फोन करू नका."

सोमवारी प्राचार्यांनी फोटो एकेक करून पाहिले, तारखांसकट. दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "ही मुलगी मलाही कॉरिडॉरमध्ये दिसायची हो. मी कधी विचारलं नाही कोण म्हणून." आणि फॉर्मवर सही केली. पावणेबारा झाले होते.

ती परीक्षेला बसली. माझ्या विषयात वर्गात दुसरी आली. मला जूनमध्ये पुन्हा घेतलं. त्या पत्राबद्दल मुलाखतीत कुणी विचारलं नाही, तेही बरं वाटलं नाही. तक्रार मायलेकींनी पुढच्या वर्षी दिली, त्यांच्या सवडीनं आणि त्यांच्या शब्दांत. माझ्या पत्रकाचा मसुदा त्यांनी वाचला आणि मुलगी म्हणाली, "छान आहे म्याडम, पण यात आम्ही कुठं आहोत?" तो मी फाडला.

निकालाच्या दिवशी मात्र मला राहवलं नव्हतं. रेणुका पुण्याला बहिणीकडे गेली होती, म्हणून तिच्या आईला सांगायला मी दुपारीच निघाले. गल्लीच्या तोंडाशी घसा कोरडा पडला. दुकानात पाण्याची बाटली मागितली. दुकानदार बाटल्यांच्या शेजारीच उभा होता. मी पुन्हा मागितली, जरा मोठ्यानं. एक बाई आली, तिनं काडेपेटी मागितली, त्यानं दिली, तिच्याशी तिच्या गुडघ्याबद्दल बोलला. मी फळीवर हात ठेवला. त्यानं फडकं घेतलं आणि फळी पुसली. माझ्या हाताच्या कडेकडेनं, बोटांच्या मधून, व्यवस्थित. हाताला फडक्याचा स्पर्श होऊ दिला नाही.

आजी पायरीवर होती. मी म्हटलं, "काय आजी, बऱ्या आहात का?" ती सूप पाखडत राहिली. समोरून गणेश मोटारसायकलवर आला. मी त्याच्या वाटेतच होते. त्यानं गाडी अशी वळवली जशी आपण खड्ड्याला वळसा घालतो, आणि गेला. तोच गणेश दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकात 'गुड मॉर्निंग म्याडम' म्हणाला.

रेणुकाची आई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं असणार. मी निकाल सांगितला. ती हसली, पदरानं डोळे पुसले, आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी घटाघट प्यायले.

"पैलाच दिस न्हवं तुमचा?" ती म्हणाली. "म्होरल्या टायमाला पानी घरनं आना. आन माज्या दाराशी येस्तवर कुणाला हाक मारू नका. हाक मारल्याव कुणी बगितलं न्हाय की मानूस आपल्याच हाताकडं बगाय लागतं, हाय का न्हाय म्हनून."

मी तांब्या खाली ठेवला. मी हाताकडेच बघत होते.